थिंक टँकचा इतिहास लायब्ररीत मांडायचाय? गोखले इन्स्टिट्यूटचं उदाहरण घेऊन प्रदर्शन कसं उभं करायचं ते सगळं

संस्थेला ५०, ७५ किंवा १०० वर्षं भरत आली की मीटिंग होते, कुणीतरी म्हणतं "लायब्ररीत एक प्रदर्शन करूया", सगळे माना डोलावतात आणि काम ग्रंथपालाच्या किंवा एखाद्या पीएचडीवाल्या पोराच्या गळ्यात पडतं. मग महिन्याभरात काय उभं राहतं, तर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, सगळ्या संचालकांची रांग, कुठल्या मंत्र्याने कधी भेट दिली त्याचे फोटो, आणि एका टेबलावर जुनी पुस्तकं पसरलेली. बघणारा दोन मिनिटांत बाहेर, चहाकडे.

थिंक टँकचं, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं, प्रदर्शन तर अजूनच अवघड, कारण त्या संस्थेने धरण बांधलेलं नसतं की औषध शोधलेलं नसतं. तिने अहवाल लिहिलेले असतात. आता अहवाल काचेखाली ठेवून लोकांना काय दिसणार? म्हणून हा लेख. उदाहरण पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं, म्हणजे अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेचं, घेतलंय, कारण २०३० मध्ये तिला १०० वर्षं होतायत, १९९३ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे म्हणजे तिची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी ही विद्यापीठाचीच लायब्ररी झाली, आणि मुख्य म्हणजे मराठी माणसाच्या शेतीपासून पुण्याच्या फळबाजारापर्यंत सगळ्याची मोजदाद या एका ठिकाणी झालीय. पद्धत मात्र कुठल्याही संशोधन संस्थेला चालेल.

आधी प्रश्न ठरवा, फोटो नंतर

"संस्थेची १०० वर्षे" हा प्रदर्शनाचा विषय होत नाही, ते बॅनरवर लिहायला ठीक आहे. विषय असा लागतो ज्यात काहीतरी हलतं. थिंक टँकच्या बाबतीत हलणारी गोष्ट एकच: एक प्रश्न कुणाला पडला, तो घेऊन कोण गावात गेलं, परत येऊन आकडे कसे जुळवले, अहवालात काय लिहिलं, आणि सरकारने तो वाचला की बासनात बांधून ठेवला. हा प्रवास दाखवला तर अहवालही बघण्यासारखा होतो.

गोखले इन्स्टिट्यूटसाठी मी तीन पर्याय मांडेन, यातला एकच घ्या, तिन्ही कोंबू नका.

पहिला पर्याय पुणे शहर. १९३३ साली पुण्यातल्या फळांच्या बाजाराची पाहणी प्रसिद्ध झाली, १९३५ ला मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची (ही पुण्यापुरती नाही, पण शेजारी शोभते), मग संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचं पुण्याचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण, पहिला भाग १९४५ चा आणि दुसरा १९५२ चा, त्यावर १९५६ ला फेरपाहणी, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्यावर पूरग्रस्तांचं आणि पुनर्वसनाचं काय झालं त्यावर सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांचा १९६७ चा अभ्यास. एकच शहर, एकच संस्था, ३० हून जास्त वर्षं. पुणेकर तर आपली पेठ सापडते का बघायला तासभर उभा राहील.

दुसरा पर्याय जमीन आणि पाणी. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा शेतकऱ्याला नेमका किती फायदा झाला यावरचा १९४८ चा अहवाल, आणि मुंबईचा १९४८ चा कूळकायदा प्रत्यक्षात कसा चालला यावर वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांचा १९५७ चा. तिसरा पर्याय गरिबी: दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा १९७१ चा भारतातल्या गरिबीचा अभ्यास.

मला विचाराल तर पहिला घ्या. गरिबीचा विषय मोठा आहे पण तो बघायला कमी आणि वाचायला जास्त आहे.

सामान कुठे सापडतं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, किमान दोन-तीन महिने. बहुतेक लोक थेट कपाट उघडून जुनी दिसणारी पुस्तकं काढतात. तसं करू नका, आधी दाखल रजिस्टर काढा. जुन्या लायब्ररीचं दाखल रजिस्टर हीच एक प्रदर्शनाची वस्तू असते, कुठलं पुस्तक कधी आलं, विकत की भेट, भेट असेल तर कुणाकडून, किंमत किती, सगळं शाईत. इथे तर गंमत अशी की लायब्ररी संस्थेपेक्षा थोरली आहे. नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ ला सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली तेव्हापासूनचा हा संग्रह, आणि इन्स्टिट्यूट आली ६ जून १९३० ला, रावबहादूर आर. आर. काळे यांनी सोसायटीला दिलेल्या देणगीतून. म्हणजे २५ वर्षं पुस्तकं आधी जमत होती आणि संशोधन करणारे नंतर आले. हे एक वाक्य रजिस्टरच्या उघड्या पानाशेजारी लावा, आरंभाचं पॅनेल तिथेच झालं.

रजिस्टरनंतर या जागा बघा:

- प्रकाशनांची मालिका. संस्थेने स्वतः छापलेल्या पुस्तकांना क्रमांक असतात, कुठले क्रमांक लायब्ररीत नाहीत त्याची यादी करा. स्वतःच्याच संस्थेची प्रकाशनं गहाळ असणं हे आपल्याकडे अजिबात नवल नाही.
- ऑफिसचं दप्तर. वार्षिक अहवाल, मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, अनुदानाची पत्रं. परवानगी लागेल, आधीच लेखी मागा.
- फील्डचे कागद. भरलेल्या प्रश्नावल्या, तपासनिसांच्या डायऱ्या, हाताने केलेले तक्ते. हे बऱ्याच ठिकाणी रद्दीत गेलेलं असतं, पण एखादं गाठोडं माळ्यावर निघतंच.
- अडगळ. हाताने फिरवायचं फॅसिट कॅल्क्युलेटर, स्टेन्सिलचं सायक्लोस्टाइल मशीन, कार्ड कॅटलॉगचे लाकडी खण. पोरं पुस्तकाआधी यांच्यापाशी थांबतात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या कायमच्या सामानाच्या वहीत) नोंद आहे का ते बघून घ्या, नाहीतर ऑडिटला उत्तरं देत बसाल.
- निवृत्त माणसं. जुना शिपाई, टायपिस्ट, लायब्ररी असिस्टंट. प्राध्यापकांच्या मुलाखती सगळेच घेतात. ५०० कुटुंबांची माहिती कार्डांवर कशी लावायची आणि चूक निघाली की सगळं परत कसं मोजायचं, हे तक्ते करणाऱ्या बाईंनाच माहीत असतं. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी संमतीपत्रावर सही घ्या.
- स्वतःच्या संस्थेची डिजिटल रिपॉझिटरी. या लायब्ररीने हजारो जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीयत, त्यामुळे निवड करताना मूळ प्रत पुन्हा पुन्हा हाताळायची गरज नाही.

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची एक्सेलमध्ये एक ओळ: काय आहे, वर्ष, वर्गांक किंवा फाईल नंबर, मूळ जागा, अवस्था, हक्क कुणाचे, फोटोचा नंबर. कंटाळवाणं आहे पण शेवटच्या आठवड्यात हीच शीट तारून नेते.

आता छाटा

२०० गोष्टी सापडतील, ३५-४० ठेवा. एका काचेच्या केसमध्ये पाच-सहा वस्तूंच्या वर गेलात की दुकानाचं शोकेस होतं.

एक केस कशी लावायची ते नीट सांगतो, बाकीच्या त्याच चालीवर होतील. पानशेतची केस घ्या. डावीकडे जुलै १९६१ च्या मराठी वर्तमानपत्राचं पहिलं पान, प्रतिकृती. त्याच्या शेजारी पाहणीची कोरी प्रश्नावली मिळाली तर ती, नाही मिळाली तर अहवालाच्या शेवटी प्रश्न कसे विचारले त्याचं जे काही पान असेल ते. मधोमध १९६७ चं पुस्तक, एका तक्त्यावर उघडलेलं. तक्ता असा निवडा की त्यातली एकच ओळ वाचून माणूस थबकेल, आणि ती ओळ लेबलात साध्या मराठीत पुन्हा लिहा. उजवीकडे पुराच्या वस्त्यांचा नकाशा आणि त्याच जागेचा आजचा फोटो. तारखांकडे बघा, पूर १९६१ चा आणि पुस्तक १९६७ चं, मध्ये सहा वर्षं. बातमी दोन दिवसांत विरते आणि हे लोक सहा वर्षांनीही त्या घरांचं काय झालं हे सांगतायत, संशोधन संस्था काय करते हे यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

माणसांचं काय, गाडगीळ-दांडेकर नकोत का? हवेत, पण कामाच्या जागी. धनंजयराव गाडगीळ १९३० ते १९६६ संचालक होते, ३६ वर्षं, नंतर योजना आयोगाचे उपाध्यक्ष, राज्यांना केंद्राची मदत वाटायचं गाडगीळ सूत्र १९६९ चं, शिवाय प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे. त्यांचा कोटातला फोटो एकदाच लावा. बाकी वेळा त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केलेलं एखादं प्रूफ सापडलं तर ते लावा, दहा फोटोंच्या तोडीचं आहे.

आणि एक वस्तू अशी आहे जी गाळायची नाही. २९ जानेवारी १९३९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले हॉलमध्ये इन्स्टिट्यूटच्या वार्षिक समारंभात काळे स्मृती व्याख्यान दिलं, विषय १९३५ च्या भारत सरकार कायद्यातलं संघराज्य आणि स्वातंत्र्य. छापील भाषण उपलब्ध आहे. अर्थशास्त्राशी काही घेणंदेणं नसलेला माणूसही याच्यासाठी येईल, म्हणून हे दारात न ठेवता मध्यावर ठेवा, म्हणजे वाटेत बाकीचंही बघितलं जाईल.

पैशाचं पॅनेल

हे कुणी लावत नाही आणि हेच लावायला हवं. थिंक टँकला पैसा कुणी दिला हे सांगितलं नाही तर प्रदर्शनाचा सत्कार समारंभ होतो. काळ्यांची देणगी, १९५४ पासून केंद्राच्या शेती खात्याच्या पैशावर चालणारं कृषी-अर्थ संशोधन केंद्र, १९७१ च्या गरिबीच्या अभ्यासामागचं फोर्ड फाउंडेशन, सगळं सरळ लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उलट सरकारी पैशावर चालून सरकारचा कायदा कागदावरच राहिला असं सांगणारा १९५७ चा कूळकायद्याचा अहवाल शेजारी ठेवला की बघणाऱ्याला स्वतःच विचार करता येतो. जमीनमालक कुळांकडून "राजीखुशीने" जमिनी परत घेत होते, हे त्यात गावोगावच्या नोंदींवरून दाखवलंय.

श्रेय देताना मात्र हात आखडता ठेवा. दांडेकर-रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी धरून १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही दारिद्र्यरेषा मांडली, हे नक्की, छापील आहे. पण "यातूनच रोजगार हमी योजना आली" असं लिहू नका, रोजगार हमी म्हटलं की ती मांडणाऱ्या वि. स. पागे यांचं नाव येतं आणि ते काम आधीपासून चालू होतं. तसंच विभागीय अनुशेषाची, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातली तूट मोजणारी, १९८४ ची दांडेकर समिती. तेव्हा दांडेकर इन्स्टिट्यूटमधून निवृत्त झालेले होते आणि समिती राज्य सरकारची होती, ती संस्थेच्या खात्यावर टाकली तर विदर्भातला पहिलाच पाहुणा तुम्हाला पकडेल.

कागद सांभाळा

इन्स्टिट्यूट आणि सोसायटी, दोघींचे वर्धापनदिन जूनमध्ये, ६ आणि १२. म्हणजे उद्घाटनाचा मोह नेमका पावसाच्या तोंडावर. पुण्याच्या जून-जुलैत बंद केसमध्ये दमट हवा कोंडली की बुरशी धरते आणि कसरीला तर सणच. माझा सल्ला, जूनमध्ये पॅनेल आणि प्रतिकृतींवर उद्घाटन उरका, मूळ कागद नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर काढा.

उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, मोबाईलचं लक्समीटर अॅप अंदाजापुरतं चालतं. खिडकीचं ऊन केसवर दिवसाच्या कुठल्याही वेळी पडता कामा नये, हे सकाळी एकदा बघून ठरत नाही, दुपारी चारलाही बघा. एकच पान तीन महिने उघडं ठेवू नका, दर दोन-तीन आठवड्यांनी पान बदला. पुस्तक सपाट १८० अंशात फाकवायचं नाही, आधाराला पुठ्ठ्याचा किंवा अॅक्रिलिकचा पाळणा करा, पानं धरायला पारदर्शक पॉलिस्टरची पट्टी. सेलोटेप, रबर, टाचणी, लॅमिनेशन, चौघांनाही बंदी. लॅमिनेशन तर कुणी उत्साहात करेल म्हणून आधीच बजावून ठेवा, एकदा केलं की मूळ कागद गेला. महायुद्धाच्या काळातला कागद हलक्या दर्जाचा असतो, बोट लावलं तरी कोपरा तुटतो, अशांची प्रतिकृतीच लावा आणि लेबलावर "प्रतिकृती" असं स्पष्ट लिहा.

सुताराकडून नवीन केस करून घेत असाल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. नवं प्लायवूड, फेविकॉल आणि रंग यांचा वास म्हणजे कागदाला त्रास देणारे वायू असतात, केस तयार झाल्यावर किमान तीन आठवडे दारं उघडी ठेवा, मगच कागद आत.

हक्क आणि नावं

आपल्या कायद्यात पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. आंबेडकर १९५६ ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०१७ पासून मोकळं. गाडगीळ १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत हक्क आहेत, शताब्दीतही. दांडेकर १९९५, म्हणजे २०५५ अखेर. सहलेखक असतील तर शेवटी जो गेला त्याच्यापासून मोजायचं. मूळ पुस्तक केसमध्ये उघडं ठेवणं वेगळं आणि त्याचं पान चार फुटांच्या पॅनेलवर किंवा वेबसाइटवर छापणं वेगळं, दुसऱ्यासाठी संस्था, प्रकाशक किंवा वारस जो हक्कदार असेल त्याची लेखी परवानगी घ्या. फोटोंचं प्रकरण किचकट आहे, फोटोग्राफरच्या स्टुडिओचा शिक्का मागे असतो तोही स्कॅन करून ठेवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या. त्यात अमक्या गावच्या अमक्याचं कर्ज किती, जात कोणती, जमीन कुणाकडे गहाण, सगळं नावानिशी असतं. नातवंडं आज त्याच गावात राहतात. नाव आणि गट नंबर झाकूनच दाखवा, आणि झाकायचं ते स्कॅनवर, मूळ कागदावर पट्टी चिकटवून नाही.

लेबलं

मजकूर मराठीत आधी लिहा, इंग्रजी नंतर. उलट केलं की "सदर संस्थेद्वारे करण्यात आलेल्या सर्वेक्षणांतर्गत" सुरू होतं आणि ते वाचायला कुणी थांबत नाही. पॅनेलला ७०-८० शब्द, वस्तूच्या लेबलाला ३०-४०. उदाहरणार्थ फळबाजाराच्या पाहणीचं लेबल असं करा: "१९३३. पुण्याच्या बाजारात फळ कुठून येतं, किती हातांतून जातं आणि बागायतदाराला शेवटी काय उरतं, हे इन्स्टिट्यूटने मोजायला घेतलं. संस्था तेव्हा तीन वर्षांची होती." बस. "अत्यंत मोलाचे योगदान" वगैरे खोडून टाका.

लिहून झालं की उभं राहून मोठ्याने वाचा, आणि अर्थशास्त्र न शिकलेल्या कुणालातरी द्या, कॅन्टीनवाल्याला दिलंत तर उत्तम. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य तोडा.

छपाईचा घोळ हमखास होतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं, फ्लेक्सवाला जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट करतो आणि जोडाक्षरं फुटतात, "संस्थापकांच्या" मधला प आणि क जागेवर राहतात पण "स्था" चा पाय मोडतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि "शेतकऱ्यां" चं काय होतं ते विचारू नका. त्याला वर्ड फाईल देऊच नका. पीडीएफ द्या, फॉन्ट आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून), आणि एका पॅनेलचा कागदावर प्रूफ मागा. फ्लेक्स चकाकतो, लायब्ररीच्या ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही, मॅट व्हिनाइल लावलेला सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) घ्या. पॅनेलचा मुख्य मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळींमधलं अंतर जास्त लागतं कारण वर मात्रा आणि खाली उकार.

मांडणी

पॅनेलचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेमी. आडव्या केसची वरची काच ८० सेमीच्या आसपास ठेवली तर व्हीलचेअरवरच्या माणसालाही दिसतं. देवघेवीच्या काउंटरची रांग आणि प्रदर्शनाची रांग एकमेकींत घुसू देऊ नका. वाचनकक्षात बोलत फिरणारे पाहुणे नकोत, त्यामुळे प्रवेशाचा हॉल किंवा जिना बरा. केसना कुलूप, किल्ल्या दोघांकडे, आणि रोज संध्याकाळी वस्तू मोजून वहीत सही.

उद्घाटनाला पाहुणे येतील, फीत कापतील, जातील. खरे बघणारे नंतर येतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी कुणीतरी अर्धा तास फिरवून दाखवेल असं करा, एमएची मुलं हे आनंदाने करतात आणि त्यांना विषयही कळतो. अभिप्राय वहीत "छान उपक्रम" च्या पन्नास नोंदी येतील, म्हणून वहीच्या वर एक नेमका प्रश्न लिहून ठेवा: "तुमच्या घरी किंवा गावात कधी कुणी सर्व्हे करायला आलं होतं का? काय विचारलं?" याची उत्तरं खरोखर वाचण्यासारखी असतात, काही जण तर घरातले जुने कागद घेऊन येतात. ते लगेच ठेवून घेऊ नका, नाव-पत्ता लिहा, स्कॅन करून परत द्या, मूळ द्यायचंच म्हणाले तर देणगीपत्र करून घ्या.

उतरवताना

उभारताना दहा जण असतात, उतरवताना दोघं, म्हणून तो दिवस आधीच कॅलेंडरवर टाका. प्रत्येक वस्तू एक्सेलच्या यादीशी ताडून, अवस्था पुन्हा लिहून, मूळ जागी. फाईल ज्या गाठोड्यातून काढली त्याच गाठोड्यात, त्याच क्रमाने. स्कॅन, मुलाखती आणि लेबलांचा अंतिम मजकूर दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि एक प्रत रिपॉझिटरीत टाका, कुणा एकाच्या लॅपटॉपवर ठेवू नका कारण तो पुढच्या वर्षी नोकरी बदलतो. सनबोर्ड पॅनेल जिन्याखाली कुजत पडतात, त्यापेक्षा वाई, सोलापूर, कोपरगाव अशा जिथल्या पाहण्या या संस्थेने केल्या किंवा जिथलं पाणी तिने मोजलं तिथल्या कॉलेजांना आणि तालुका वाचनालयांना आधीच फोन करून ठेवा. गाडीभाडं बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, शेवटी मागायला गेलात तर अकाउंट्सवाले म्हणतात त्या खर्चाचा हेड संपला.